लयीला खोड लावणारा जे डिला

वॉशिंग्टनच्या आफ्रिकन अमेरिकन इतिहास आणि संस्कृती संग्रहालयाच्या संग्रहात अकाई कंपनीचं एक 'एमपीसी ३०००' आहे. दिसायला जाडजूड खोकं. त्यावर रबराची १६ बटणं, छोटासा पडदा आणि फ्लॉपीची फट. जुन्या तबकडीतला ड्रमचा, पियानोचा नाहीतर गळ्याचा तुकडा उचलायचा, बटणावर बसवायचा आणि बोटांनी वाजवायचा. हे खोकं डेट्रॉइटच्या जेम्स ड्यूविट यान्सीचं, म्हणजेच जे डिलाचं.

१९७४ साली जन्मलेला डिला कोनंट गार्डन्स वस्तीत वाढला. वडील बास वाजवायचे, आई मॉरीन ऑपेरा गायलेली; त्यामुळे घरात गाणं होतंच. एमपीसीशी गाठ घालून दिली ती अँप फिडलर या कीबोर्डवादकाने. त्यानेच १९९४ मध्ये या बुजऱ्या पोराची ओळख 'अ ट्राइब कॉल्ड क्वेस्ट' या हिप-हॉप गटाच्या क्यू-टिपशी करून दिली आणि तळघरातल्या बीट्सना न्यूयॉर्कचं दार उघडलं.

आता यंत्राच्या पोटात डोकावू. एमपीसी ३००० मध्ये एका मात्रेचे ९६ भाग पडतात. मिनिटाला ९० मात्रांची लय धरली तर एक भाग जेमतेम सात मिलिसेकंदांचा. बोट पुढेमागे पडलं की यंत्र तो ठोका ओढून आखून दिलेल्या जवळच्या घरात बसवतं. बाकीच्यांना दुरुस्तीची हीच सोय हवी होती. डिलाने ती हवी तिथेच वापरली. हाय-हॅटला (झांजेला) झोल द्यायचा, किक (पायाने वाजणारा मोठा ड्रम) बोटातून पडेल तशी मोकळी सोडायची, स्नेअर (टाळीसारखा कडक ठोका) मात्र केसभर आधी आणायचा. एकाच गाण्यात तीन घड्याळं. कान आधी बिचकतो, मग मान आपोआप डोलायला लागते.

'त्याने दुरुस्तीचं बटणच बंद ठेवलं' असं सर्रास सांगितलं जातं. हे अर्धसत्य आहे, आणि ते त्याच्यावर अन्याय करणारं आहे. कुठला ठोका सैल सोडायचा, कुठला बांधायचा आणि कुठला किती सरकवायचा, हे तो ठरवून करत होता. आपल्याकडे तबलजी ठेका मागे ओढून नेमका समेवर आला तर त्याला कोणी बेताल म्हणत नाही.

१९९५ मध्ये डिलाच्या बीटवरचं 'द फारसाइड' या गटाचं 'रनिन' आलं. पुढे रॅपर कॉमन, गायिका एरिका बडू अशी मंडळी त्याच्याकडे वळली. खरी गंमत वादकांची झाली. घड्याळासारखं वाजवण्यात मुरलेला ड्रमर क्वेस्टलव्ह गायक डीअँजेलोच्या 'व्हूडू' या अल्बमवर (२०००) मुद्दाम रेंगाळत वाजवू लागला. तोवर यंत्राने माणसाची नक्कल केली होती. इथे हाडामांसाचा ड्रमर यंत्रावरच्या बीटची नक्कल करत होता.

२००४ च्या सुमारास डिला लॉस एंजेलिसला गेला. जोडीदार होता बीट्स बनवणाराच मॅडलिब, ज्याने पुढे हिंदी चित्रपटगीतांचे तुकडे कापून एक आख्खा अल्बम बांधला. तोवर रक्ताच्या एका दुर्मीळ विकाराने आणि ल्युपसने डिलाला पोखरलं होतं. ७ फेब्रुवारी २००६ ला, त्याच्या बत्तिसाव्या वाढदिवशी, त्याचा 'डोनट्स' हा अल्बम प्रसिद्ध झाला; तीन दिवसांनी तो गेला. सगळा अल्बम रुग्णशय्येवर घडला ही दंतकथा त्यातूनच फोफावली. डॅन चार्नस यांच्या 'डिला टाइम' (२०२२) या पुस्तकाने तिला बरीच कात्री लावली आहे: मूळ बीट्स बहुतांशी आधीचे. मला हे बरंच वाटतं. आजारपणाची कणव बाजूला ठेवली की कारागिरी स्वच्छ ऐकू येते.

नव्याने ऐकणारे बहुधा 'डोनट्स'पासून सुरुवात करतात. तुम्ही तसं करू नका. आधी डिलाच्याच 'स्लम व्हिलेज' या गटाचा 'फँटॅस्टिक, व्हॉल्यूम २' लावा, हाताने टाळी धरा आणि स्नेअर तुमच्या टाळीच्या किती आधी येतो ते पाहा.