पाच विजेतेपदे आणि एक प्रशिक्षक

धेंपोचे जुने समर्थक एकत्र जमले की वाद ठरलेला असतो. क्लबचा सर्वकाळचा सर्वोत्तम संघ कोणता? चहा येईपर्यंत आघाडीची फळी लागलेली असते. डावीकडे क्लिफर्ड मिरांडा, पुढे रंटी मार्टिन्स, मागे महेश गवळी, इथपर्यंत कुणाची हरकत नसते. सत्तरच्या दशकातला एखादा म्हातारा मॉरिसियो आफोन्सोच्या आधीची नावे काढतो, तरुण मंडळी त्याला आदराने ऐकून घेतात. मग गोलात कोण, यावर गाडी अडते. गोव्याने देशाला दिलेला सर्वांत थोर गोलरक्षक ब्रह्मानंद शंखवाळकर, पण तो साळगावकरचा. त्याला धेंपोच्या यादीत घालता येत नाही आणि त्याच्याशिवाय यादी पुरी वाटत नाही. शेजारच्या टेबलावर साळगावकरवाला असला तर तो इथे हसतो.

अकरा नावे होतात, राखीव खेळाडूही ठरतात आणि मंडळी उठतात. या संघाचा प्रशिक्षक कोण, हे मात्र बहुतेक वेळा कुणी विचारत नाही. गोमंतकीय फुटबॉलच्या आठवणींमधली ही मोठी उणीव आहे, असे प्रस्तुत लेखक गेली कित्येक वर्षे सांगत आला आहे. खेळाडूंच्या आठवणींना तोटा नाही. ज्यांनी ते खेळाडू उभे केले, त्यांचे ऋण मात्र एका वाक्यात फेडले जाते.

सुरुवातीचा इतिहास वाचकांना ठाऊक आहे. १८८३ साली शिवोलीत फादर विल्यम लायन्स या इंग्रज धर्मगुरूंनी हा खेळ आणला. तरीही दर काही वर्षांनी कुणीतरी गोव्याचा फुटबॉल ही पोर्तुगीजांची देणगी असल्याचे लिहून मोकळे होते. मुक्तीनंतर खाणमालकांच्या घराण्यांनी क्लब पोसले. साळगावकर, धेंपो आणि सेझा ही नावे लोहखनिजाच्या बार्जवर होती आणि खेळाडूंच्या छातीवरही. त्यातल्या धेंपो घराण्याने १९७० साली ‘नवप्रभा’ हे मराठी दैनिकही सुरू केले.

धेंपोची पहिली मोठी कीर्ती मुंबईत झाली. १९७४ साली कूपरेजवर क्लबने रोव्हर्स चषक जिंकला, पुढे १९७८, १९७९ आणि १९८६ साली पुन्हा. रोव्हर्स ही १८९१ पासूनची स्पर्धा, आणि मोहन बागान, ईस्ट बंगाल ही तिथली नेहमीची नावे. त्या कूपरेजवर गोव्याच्या संघाला परके वाटायचे कारण नव्हते. धोबीतलावच्या गल्ल्यांत गावोगावच्या गोवेकरांच्या कूड होत्या. बोटीवर जाण्याआधी आणि बोटीवरून आल्यावर खलाशी तिथे उतरत, आणि गावचा संघ खेळणार म्हटल्यावर मैदान गाठत. मुंबईच्या फुटबॉलला गोमंतकीय रक्त नवे नव्हतेच. १९५६ च्या मेलबर्न ऑलिम्पिकमध्ये ऑस्ट्रेलियाविरुद्ध तीन गोल करणारा नेव्हिल डिसोझा मूळचा गोव्याचा. १९६२ च्या आशियाई सुवर्णपदक विजेत्या संघातला फोर्तुनातो फ्रांको कोलवाळचा.

ब्रह्मानंदबद्दल चार ओळी लिहायलाच हव्यात, मग तो प्रतिस्पर्धी क्लबचा का असेना. ताळगावचा हा मुलगा भारताचा कर्णधार झाला. १९८३-८४ च्या संतोष करंडकात गोवा विजेता ठरला, आणि त्या संपूर्ण स्पर्धेत त्याने एकही गोल होऊ दिला नाही. त्याला अर्जुन पुरस्कार मिळाला तो १९९७ साली. ऐन भरात असताना मिळायला हवा होता.

नव्वदचे दशक धेंपोसाठी कोरडे गेले. ते दिवस साळगावकर आणि चर्चिल या गोव्यातल्याच क्लबांचे. शब्बीर अली यांच्या हाताखाली साळगावकरने १९९८-९९ ची राष्ट्रीय लीग जिंकली, गोव्यात आलेले ते पहिले राष्ट्रीय लीग विजेतेपद. त्या संघातला ब्रुनो कुतिन्हो हा लिहिण्याजोगा स्वतंत्र विषय आहे, आणि साळगावकरवाले तो लिहितीलच.

आता आर्मांदो कुलासो.

नव्या शतकाच्या सुरुवातीला कुलासोंनी धेंपोची सूत्रे घेतली आणि २०१३ पर्यंत सोडली नाहीत. भारतीय क्लब फुटबॉलमध्ये एक प्रशिक्षक एका क्लबात दशकाहून अधिक काळ राहतो, ही गोष्टच दुर्मीळ. कोलकात्यात तर हंगाम संपायच्या आत प्रशिक्षक बदलायची रीत होती. २००३-०४ मध्ये धेंपो उपविजेता ठरला. मग २००४-०५ आणि २००६-०७ ची राष्ट्रीय लीग, २००७-०८ ची पहिलीवहिली आय-लीग, २००९-१० आणि २०११-१२ ची आय-लीग. आठ हंगामांत पाच राष्ट्रीय विजेतेपदे. त्यात २००४ चा फेडरेशन चषक आणि २००६ चा ड्युरँड चषक धरला तर त्या काळात देशात या क्लबाची बरोबरी करणारा दुसरा कुणी नव्हता.

त्या फेडरेशन चषकाची आठवण निघाली की समर्थकांची टेबले गप्प होतात. ५ डिसेंबर २००४, बंगळूरचे कंठीरव स्टेडियम, समोर मोहन बागान. धेंपोचा ब्राझिलियन आघाडीवीर क्रिस्तियानो ज्युनियर याने पहिला गोल केला. दुसरा गोल करताना पुढे आलेल्या गोलरक्षकाशी त्याची टक्कर झाली. चेंडू जाळ्यात गेला आणि क्रिस्तियानो मैदानावर कोसळला, तो उठला नाही. धेंपोने चषक जिंकला २-० असा, दोन्ही गोल त्याचे. मैदानाकाठच्या वैद्यकीय सोयींवर देशभर टीका झाली. क्लबने त्याचा दहा क्रमांक निवृत्त केला.

कुलासोंची खरी पारख त्यानंतरच्या महिन्यांत झाली. मुख्य गोल करणारा खेळाडू डोळ्यांदेखत गेलेला, ड्रेसिंग रूममध्ये विशी-पंचविशीतली पोरे, आणि राष्ट्रीय लीग तोंडावर. त्या संघाने ती लीग जिंकली. दुसरा आलेला स्पोर्टिंग क्लबही गोव्याचाच. विजेतेपदे मोजणारे या पहिल्या विजेतेपदाला पाचातले एक म्हणून मोजतात. प्रस्तुत लेखकाच्या मते ते पाचांतले सर्वांत मोठे.

या यशाचे श्रेय रंटी मार्टिन्स आणि बेटो या दोन परदेशी खेळाडूंना देऊन मोकळे होणारा एक पंथ आहे. दिवाळी अंकांतूनही हे मत अधूनमधून वाचायला मिळते. रंटी थोर होता यात वाद नाही. २०१०-११ मध्ये त्याने आय-लीगमध्ये ३० गोल केले, २०११-१२ मध्ये ३२. पण हे दोन आकडे शेजारी ठेवून पाहावेत. ३० गोलांच्या हंगामात विजेता कोण झाला? साळगावकर. आणि २००९-१० मध्ये सर्वाधिक गोल चर्चिलच्या ओडाफाचे असताना विजेता धेंपो. एकट्याच्या गोलांवर लीग जिंकता येत असती तर हा हिशेब असा लागला नसता.

दुसरा पंथ म्हणतो, पैसा होता म्हणून जिंकले. पैसा कोलकात्याच्या क्लबांकडे कमी नव्हता, आणि रंटी-ओडाफासारख्यांना जास्त रक्कम देणारे तिथेच बसले होते. धेंपोकडे होता तो एकत्र टिकलेला संघ. महेश गवळी, समीर नाईक, क्लायमॅक्स लॉरेन्स, क्लिफर्ड मिरांडा ही मंडळी हंगामामागून हंगाम एकमेकांच्या शेजारी खेळली. समीर चेंडू घेऊन कधी पुढे जाईल आणि कधी थांबेल, हे गवळीला न पाहता कळे.

तो खेळ कसा होता हे ज्यांनी फातोर्ड्यावर पाहिले नाही त्यांच्यासाठी सांगायला हवे. गवळी चेंडू काढून घेई आणि लांब फटका मारून मोकळा होत नसे. चेंडू आधी क्लायमॅक्सकडे जाई. क्लायमॅक्स दोन स्पर्शांत तो बेटोला देई. बेटो एक क्षण थांबे, आणि तेवढ्यात डाव्या कडेने क्लिफर्ड निघालेला असे. पुढचे काम क्लिफर्डच्या डाव्या पायाचे. चेंडू गोलरक्षक आणि बचावपटू यांच्या मधल्या पट्टीत पडे आणि रंटी तिथे आधीच पोचलेला असे. पूर्वेच्या स्टँडातल्या लोकांना बेटो थांबला की पुढचे कळे, ते उठून उभे राहत. समोरच्या संघालाही ते कळत असे, आणि तरी गोल होई. रंटीचा पाय शेवटचा होता. पण चार खेळाडूंना हे रोज संध्याकाळी, वर्षानुवर्षे करायला लावणारा माणूस बाकाशेजारी उभा असे.

क्लायमॅक्सचे एक उदाहरण पुरेसे आहे. २००८ च्या एएफसी चॅलेंज चषकात हैदराबादला अफगाणिस्तानविरुद्ध सामना बरोबरीत सुटत असताना भरपाई वेळेत त्याने गोल केला. भारताने पुढे ती स्पर्धा जिंकली आणि २०११ च्या आशियाई चषकाचे दार उघडले. २००८ मध्येच धेंपो एएफसी चषकाच्या उपांत्य फेरीत पोचला, सिंगापूरच्या होम युनायटेडला हरवून. लेबनॉनच्या सफाने तिथे रोखले. तोपर्यंत कोणताही भारतीय क्लब तिथवर गेला नव्हता.

गोमंतकीय प्रशिक्षकांबद्दलची उदासीनता कुलासोंपुरती नाही. २००४-०५ धेंपो, २००५-०६ महिंद्र युनायटेड, २००६-०७ आणि २००७-०८ पुन्हा धेंपो. यातल्या महिंद्रचा प्रशिक्षक होता डेरिक परेरा, साळगावकरचा जुना खेळाडू. म्हणजे सलग चार वर्षे देशाचे विजेतेपद गोव्याच्या प्रशिक्षकांनी मिळवले. २०११ मध्ये बॉब हाउटन गेल्यावर राष्ट्रीय संघ थोडा काळ कुलासोंकडे आला. त्याच वर्षाअखेरीस सावियो मदेरा यांच्या हाताखाली भारताने सॅफ स्पर्धा जिंकली. एवढ्याशा प्रदेशातून एका दशकात एवढे प्रशिक्षक निघाले. तरी त्यांच्यावर एक बरे पुस्तक मराठीत नाही.

२००७-०८ ते २०१२-१३ या सहा हंगामांतल्या सहाही आय-लीग गोव्यात आल्या: धेंपोच्या तीन, चर्चिलच्या दोन, साळगावकरची एक. आज हे वाचून नव्या पिढीला खोटे वाटेल.

मग उतार लागला, आणि तो भरभर लागला. २०१२ मध्ये खाणी बंद झाल्या. धेंपोने आपला खाणव्यवसाय २००९ मध्येच विकला होता, तरी राज्यातला पैसा आटला तो सगळ्यांसाठीच. २०१३ मध्ये कुलासो गेले. त्यानंतर धेंपोने आधी एक परदेशी प्रशिक्षक आणला, मग दुसरा. २०१४-१५ च्या शेवटी क्लब आय-लीगमधून खाली घसरला. संघ वर आणायचे काम दिले गेले ते मॉरिसियो आफोन्सोला, क्लबच्याच जुन्या खेळाडूला, आणि त्याने द्वितीय श्रेणी जिंकून दाखवली. या क्रमातून क्लबाने काही शिकायला हवे होते. पण २०१६ मध्ये साळगावकर, स्पोर्टिंग आणि पाठोपाठ धेंपो आय-लीगमधूनच बाहेर पडले. राष्ट्रीय फुटबॉलची नवी घडी जुन्या क्लबांना जागा देत नाही, ही त्यांची तक्रार रास्त होती.

या नव्या घडीतल्या एफसी गोवाबद्दल आकस ठेवायचे कारण नाही. सुरुवातीच्या मालकांत धेंपो आणि साळगावकर ही दोन्ही घराणी एकत्र होती, याचे ज्यांनी जुन्या लढती पाहिल्या त्यांना नवल वाटले. प्रशिक्षक म्हणून झिको आला, लोबेरा आला, कोरोचे गोल झाले, फातोर्डा पुन्हा भरला. पण एक गोष्ट आवर्जून नोंदवावी. २०१९-२० मध्ये लोबेराला काढल्यावर शेवटचे सामने सांभाळून लीग शील्ड मिळवून देणारा प्रशिक्षक क्लिफर्ड मिरांडा होता. त्याच शील्डमुळे आशियाई चॅम्पियन्स लीगच्या गटसाखळीत प्रथमच एक भारतीय क्लब खेळला. २०२३ मध्ये क्लिफर्डनेच ओडिशाला सुपर चषक जिंकून दिला. महेश गवळी राष्ट्रीय संघाच्या प्रशिक्षकवर्गात गेला. समीर नाईकने धेंपोचीच सूत्रे घेतली, आणि क्लब २०२४-२५ मध्ये आय-लीगमध्ये परतला. कुलासोंच्या संघातले तिघे आज शिकवत आहेत. कुलासोंना द्रोणाचार्य पुरस्कार मिळाला तो २०२४ चा, जीवनगौरव म्हणून. सन्मानाला इथेही उशीरच झाला.

आजच्या अवस्थेबद्दल खंत वाटते ती जिंकण्या-हरण्याची नाही. गोवा प्रोफेशनल लीगचा सामना म्हापशाला धुळेरच्या मैदानावर असतो, आणि स्टँडात खेळाडूंच्या नातेवाइकांपलीकडे फारसे कुणी नसते. त्याच गावातली मुले युरोपातल्या क्लबांची अख्खी यादी प्रशिक्षकांसकट म्हणून दाखवतात. गार्दिओला आणि क्लॉप यांच्यावर तासभर वाद घालणाऱ्या मुलाला कुलासो कोण हे सांगावे लागते. यात मुलांचा दोष नाही. त्यांना हे सांगणारे आपण, आणि आपण अकरा नावे म्हणून उठतो.

तेव्हा वाचकांना दोन विनंत्या. धेंपो, साळगावकर, वास्को, सेझा, चर्चिल यांच्या जुन्या सामन्यांची तिकिटे, छायाचित्रे, वर्तमानपत्रांची कात्रणे घरात असतील तर ती रद्दीत घालू नका. त्यांच्या प्रती काढून पणजीच्या कृष्णदास शामा ग्रंथालयात नेऊन दाखवा. आणि पुढच्या वेळी सर्वकाळचा संघ निवडाल, तेव्हा यादीच्या सुरुवातीलाच प्रशिक्षकाचे नाव लिहा. धेंपोच्या यादीत ते नाव आर्मांदो कुलासो असेच असायला हवे.