नवख्याची लेन

जत्रेत फुगे फोडताना छऱ्याची बंदूक बहुतेकांनी एकदा तरी खांद्याला लावलेली असते. तरीही एअर रायफलच्या रेंजच्या दारात आला की माणूस घुटमळतो. आत जाड जॅकेटं घालून अवघडून चालणारी पोरं दिसतात. कुणाच्या डाव्या डोळ्यापुढे प्लॅस्टिकची पट्टी लोंबत असते. कुणी कुणाशी बोलत नाही. मधूनच ‘टप्’ असा कोरडा आवाज येतो आणि पुन्हा सगळं चिडीचूप. बोर्डाच्या परीक्षेचा पेपर चालू असताना आपण वर्गात शिरलो की काय, असं वाटावं असा तो देखावा. चौकशीला आलेले काही जण तिथूनच परत फिरतात. जे आत येतात ते पुढच्या महिन्यात दिसतील की नाही, हे त्यांच्या नेमापेक्षा जुन्या मंडळींच्या वागण्यावर जास्त ठरतं.

महाराष्ट्राला हे कळायला हवं, कारण इथला हा खेळ नवख्यांच्या जोरावरच वाढला. अंजली भागवत यांना नेमबाजीची गोडी लागली ती एनसीसीमुळे, मुंबईच्या कीर्ती कॉलेजात असताना. राही सरनोबतनं बंदूक पहिल्यांदा हाताळली कोल्हापुरातल्या शाळेत, तीही एनसीसीतच. त्याच शाळेत शिकून गेलेल्या तेजस्विनी सावंतनं २००६ च्या राष्ट्रकुल स्पर्धेत सुवर्णपदक मिळवलं आणि राहीनं हा खेळ मनावर घेतला. पुढे तेजस्विनी २०१० मध्ये म्युनिकला ५० मीटर प्रोन प्रकारात जगज्जेती झाली, तर राहीनं २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तुलाचं सुवर्ण आणलं. राधानगरी तालुक्यातल्या कांबळवाडीचा स्वप्नील कुसाळे, एका शिक्षकाचा मुलगा, राज्य सरकारच्या क्रीडा प्रबोधिनीत दाखल झाला आणि तिथे त्यानं नेमबाजी निवडली. १ ऑगस्ट २०२४ रोजी पॅरिसमध्ये ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात त्याला कांस्य मिळालं. १९५२ मध्ये खाशाबा जाधवांनी जिंकलेल्या पदकानंतर महाराष्ट्राच्या खेळाडूला मिळालेलं हे पहिलं वैयक्तिक ऑलिंपिक पदक. कुणाला शाळेनं, कुणाला कॉलेजनं, कुणाला सरकारी योजनेनं आत घेतलं. दार उघडं होतं म्हणून ही नावं आज आपल्याला माहीत आहेत.

नवख्यासाठी पायऱ्या बांधायची परंपराही जुनी आहे. नॅशनल रायफल असोसिएशन ऑफ इंडिया १९५१ मध्ये स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष होते लोकसभेचे पहिले सभापती गणेश वासुदेव मावळणकर, अहमदाबादेत वकिली केलेले मराठी गृहस्थ. त्यांच्या नावाची अखिल भारतीय स्पर्धा ही राष्ट्रीय स्पर्धेआधीची चाळणी. रेंजवर तिला नुसतं ‘मावळणकर’ म्हणतात. जिल्हा, राज्य आणि मग पात्रतेचा स्कोअर, अशी ही चढण. ज्यानं अजून मोठ्या स्पर्धेत पाऊल टाकलेलं नाही, त्यालाही उभं राहायला एक जागा असावी, हा त्यामागचा विचार.

अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका

नवखा पहिल्याच दिवशी खट्टू का होतो, हे समजायला टार्गेटचं कार्ड हातात घ्यावं. दहा मीटर एअर रायफलच्या कार्डावर दहा गुणांची जागा म्हणजे मधला अर्ध्या मिलिमीटरचा ठिपका. छरा साडेचार मिलिमीटरचा, म्हणजे ठिपक्याच्या नऊपट रुंद. ठिपक्याला छऱ्याची कड लागली तरी दहा मिळतात. छऱ्याचा मध्य कार्डाच्या मध्यापासून अडीच मिलिमीटरपेक्षा जास्त सरकला की दहाचे नऊ झाले.

रायफलच्या पुढच्या आणि मागच्या साइटमध्ये साधारण पाऊण मीटरचं अंतर असतं. दहा मीटरवर अडीच मिलिमीटरची चूक व्हायला नळीपाशी दोन दशांश मिलिमीटरचा हलका झोलही पुरतो. श्वासानं, नाडीच्या ठोक्यानं, ट्रिगरवरचं बोट वाकडं ओढल्यानं एवढा झोल सहज जातो. स्पर्धेत असे ६० शॉट ७५ मिनिटांत मारायचे असतात. २०१८ पासून स्त्रिया आणि पुरुष दोघांनाही तेवढेच. दशांशात मोजलं तर एका शॉटला जास्तीत जास्त १०.९, म्हणजे एकूण ६५४. जत्रेतल्या फुग्यावर नेम धरलेल्या माणसाला हे गणित आधी कुणी सांगितलेलं नसतं. त्याच्या पहिल्या कार्डावर भोकं चहूकडे विखुरतात आणि शेजारच्या लेनवर बारा वर्षांची मुलगी एकाच भोकात दोन-दोन छरे घालत असते.

जाणते कोच इथे एक साधी युक्ती करतात. कार्ड उलटं लावतात. समोर कोरा पांढरा कागद. ना वर्तुळं, ना आकडे. रायफल टेकूवर ठेवलेली, म्हणजे वजनाशी झगडा नाही. पाच शॉट मारायचे आणि ते एकमेकांच्या जवळ पडतात का, एवढंच बघायचं. रेंजवर याला ग्रुपिंग म्हणतात. ग्रुप डावीकडे वर पडला तरी चालतो. साइटचे स्क्रू चार क्लिक फिरवून तो मध्यावर आणता येतो. विखुरलेला हात मात्र कुठल्याच स्क्रूनं सुधारत नाही. ‘पाचांतले तीन चिकटलेत बघ’ एवढं ऐकलं की पोराच्या चेहऱ्यावर रंग येतो. आकडा नंतर येतोच, आणि एकदा आला की जन्मभर पाठ सोडत नाही. पहिला आठवडा त्याच्याविना गेला तर बिघडत नाही.

सगळ्यांना एकच कायदा

या खेळातली कडक शिस्त नव्या माणसाला पळवून लावते, असं बरेच जण म्हणतात. अनुभव उलटा आहे. नळीचं तोंड कायम टार्गेटकडे. मारायची वेळ येईपर्यंत बोट ट्रिगरबाहेर. रायफल खाली ठेवली की नळीत भडक रंगाची सेफ्टी दोरी. कुणी लेनच्या पुढे गेलं असेल तर मागे कुणीही रायफलला हात लावायचा नाही. लोड, स्टार्ट, स्टॉप, अनलोड हे हुकूम रेंज ऑफिसरचे. छरे शिशाचे असतात, म्हणून जेवणाचा डबा उघडण्याआधी साबणानं हात धुवायचे. हे नियम आंतरराष्ट्रीय खेळाडूला जेवढे लागू, तेवढेच काल नाव घातलेल्या सातवीतल्या पोराला.

त्यातला एक नियम तर नवख्याला थेट अधिकार देतो. काही धोक्याचं दिसलं तर ‘स्टॉप!’ असं कुणीही ओरडू शकतं, आणि तो शब्द ऐकला की सगळ्यांनी थांबायचं. ओरडणारा चुकला, धोका नव्हताच, असं निघालं तरी त्याला हसायचं नाही की डोळे वटारायचे नाहीत. बऱ्या रेंजवर हे पहिल्याच दिवशी सांगतात. ज्याला साधं जॅकेट बांधता येत नाही, त्याच्या एका शब्दानं आख्खी रेंज थांबते, हे कळल्यावर तो अंग चोरून उभा राहत नाही.

पंचाईत होते ती शिस्त आणि तोरा यांची सरमिसळ झाल्यावर. नळी तिरकी झाली म्हणून दरडावणं योग्यच. पण मग तोच आवाज ‘अजून साधी ओपन साइटच का?’ विचारायलाही वापरला जातो. सुरक्षेचा प्रश्न तिसऱ्यांदा विचारणाऱ्याला ‘परवा सांगितलं ना’ असं झटकलं तर तो चौथ्यांदा विचारत नाही, आणि न विचारता केलेली गोष्ट रेंजवर महागात पडते. लेनवर करडेपणा आणि लेनच्या मागे मोकळेपणा, हे दोन्ही एकाच माणसाला जमावं लागतं.

रायफल कुणाची?

पैशाचं काय, हा प्रश्न प्रत्येक घरात निघतो. फाइनवर्कबाऊ किंवा वाल्थरसारखी जर्मन मॅच रायफल लाखांच्या घरात जाते. वर जॅकेट, पँट, बूट, हातमोजा, आणि छऱ्यांचे डबे तर सतत लागतातच. म्हणून क्लबची सामाईक रायफल हेच या खेळाचं खरं प्रवेशद्वार. ती जुनी असेल, तिच्या पट्टीवर दहा जणांच्या गालांचा घाम मुरलेला असेल, पण साइट शाबूत आणि ट्रिगर नेटका असेल तर पहिलं वर्ष तिच्यावर निभतं. जिल्हा पातळीवर ओपन साइट रायफलच्या वेगळ्या स्पर्धा असतात, त्याही याचसाठी. महाग पीप साइट रायफल घेण्याआधी पोराचं मन इथे रमतं का, हे पालकांना ताडून बघता येतं.

क्लबची रायफल वापरणाऱ्याला दुय्यम वागणूक मिळाली की हे दार अर्धं मिटतं. त्याची वेळ सगळ्यात शेवटची, त्याची लेन कोपऱ्यातली, त्याच्या कार्डाची दोरी अडकणारी, असं चालत असेल तर कितीही गोड बोलून उपयोग नाही. काही ठिकाणी सीनियर मुलं आपलं लहान झालेलं जॅकेट खालच्यांना देतात. नवं जॅकेट येण्याआधी जुनं कुणाला द्यायचं, हे तिथे ठरलेलं असतं. असल्या रिवाजाला पावती लागत नाही, समिती लागत नाही.

आणखी एक त्रास म्हणजे सल्ल्यांचा. नवा मुलगा उभा राहिला की एक जण कोपर आत घ्यायला सांगतो, दुसरा पाय फाकवायला, तिसरा श्वास अर्धा सोडायला. तिघांचंही बरोबर असतं, आणि पोरगा रडकुंडीला येतो. शिकवणारा आवाज एकच असावा आणि त्यानं एका दिवसात एकच गोष्ट दुरुस्त करावी. बाकीच्यांनी छऱ्यांचा डबा पुढे करावा, जॅकेटचा बंद लावून द्यावा, एवढं पुरे.

पालकांचीही एक रांग मागच्या खुर्च्यांवर बसलेली असते. पूर्वी दुर्बिणीतून बघितल्याशिवाय छरा कुठे लागला ते कळत नसे. इलेक्ट्रॉनिक टार्गेट आल्यापासून प्रत्येक दशांश स्क्रीनवर झळकतो आणि मागून ‘आठ? आठ कसे आले?’ असा सूर लागतो. दुसऱ्या महिन्यात ‘सर, नॅशनलला कधी?’ आणि त्यापाठोपाठ दहावीच्या ग्रेस मार्कांची चौकशी. त्यात गैर काही नाही. पण शिकाऊ मुलाच्या स्क्रीनचं तोंड खुर्च्यांपासून वळवून ठेवलेलं बरं. कोल्हापूरच्या स्वरूप उन्हाळकरनं टोकियो पॅरालिंपिकमध्ये एअर रायफलमध्ये चौथा क्रमांक मिळवला. पदकाशेजारी पोचून हुकण्याची तयारी ज्या खेळात ठेवावी लागते, तिथे सहावीतल्या पोराच्या आठ गुणांवर घरची जेवणं कडू होऊ नयेत.

खरं तर रेंजवर येणाऱ्यांपैकी बहुतेक जण राष्ट्रीय संघात जात नाहीत, आणि रेंज चालते ती त्यांच्यावरच. फी ते भरतात. पुढे नोकरी-संसारात रमले तरी जिल्हा स्पर्धेच्या रविवारी हजर होतात. डिटेलच्या, म्हणजे नेमबाजांच्या तुकड्यांच्या, याद्या लावतात, रेंज ऑफिसर म्हणून उभे राहतात, कागदी कार्डावरच्या वादग्रस्त भोकात गेज घालून नऊ की दहा याचा निकाल देतात. चार वर्षांनी आपल्या मुलीला घेऊन येतात. पहिल्या महिन्यात अपमान गिळून गेलेला माणूस यातलं काहीच करत नाही.

पदकविजेत्यांच्या नावांचा फलक बहुतेक क्लबांच्या भिंतीवर असतो. त्याच्याखाली आणखी एक आकडा लिहायला हरकत नाही: जूनमध्ये नाव घातलेल्यांपैकी दिवाळीच्या सुट्टीनंतर किती जण परत आले. वरची नावं वाढवणं कोचच्या एकट्याच्या हातात नसतं. खालचा आकडा वाढवणं मात्र रेंजवरच्या प्रत्येक जुन्या नेमबाजाला जमण्यासारखं आहे.