कडक झालेली कातडी आणि पोटाची चरबी

स्क्लेरोडर्मा या आजारात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच ऊतींवर उलटते, कातडीत कोलॅजन साचत जाते आणि खालची चरबी विरते. आजार एखाद्या डागापुरता किंवा पट्ट्यापुरता राहिला, तर तो मॉर्फिया. सर्वांगी प्रकारात बोटे आखडतात, थंडीत पांढरी-निळी पडतात, टोकांना जखमा होतात. अमरावती-अकोल्याकडे थंडी आणि कापसाची वेचणी एकाच वेळी येतात. उकललेल्या बोंडाची टोके टणक असतात आणि कापूस ओढायला बोटांची चिमूटच लागते, आणि अशा बोटांना तीच जड जाते.

मॉर्फियाने कपाळावर वा गालावर पडलेला खड्डा चरबीने भरता येतो. मात्र आधी मेथोट्रेक्सेटसारख्या औषधांनी आजार शांत व्हावा लागतो. पोटात किंवा मांडीत सलाइन, भूल आणि अ‍ॅड्रेनलिन यांचे मिश्रण सोडतात आणि बोथट नळीने हलक्या हाताने चरबी ओढतात. जोर लावला की पेशी फुटतात. यंत्रात फिरवल्यावर सिरिंजमध्ये तीन थर दिसतात: वर तेल, खाली रक्तमिश्रित पाणी, मध्ये कामाची चरबी. ही चरबी नळी मागे घेत घेत थेंबाथेंबाने पेरतात. नव्या रक्तवाहिन्या येईपर्यंत प्रत्येक थेंबाला आजूबाजूच्या ऊतीतून झिरपणाऱ्या प्राणवायूवरच तगायचे असते. मोठा गोळा आतून मरतो. तरीही बरीच चरबी काही महिन्यांत जिरते, म्हणून काहींना ती पुन्हा भरून घ्यावी लागते. खड्डा भरतो, कातडी थोडी मऊही होते. मूळ आजार मात्र जात नाही.

पुढची पायरी वेगळी आहे. कोलॅजनेज हे विकर घालून चरबी विरघळवली की रक्तवाहिन्यांभोवतीच्या पेशी सुट्या होतात, त्यांत मूळपेशीही असतात. फ्रान्समधील मार्सेय येथे सर्वांगी स्क्लेरोडर्मा असलेल्या 12 महिलांच्या बोटांत त्या टोचल्या, तेव्हा हात सुधारले. आशा वाढल्या. पण 2022 साली प्रसिद्ध झालेल्या, त्याहून मोठ्या दोन चाचण्यांत, एक फ्रान्समधली आणि दुसरी अमेरिकेतली, नुसत्या द्रवाची सुई घेतलेल्यांपेक्षा या पेशी ठळकपणे सरस ठरल्या नाहीत. नुसती सुई घेतलेले रुग्णही सुधारले होते, आणि पहिल्या प्रयोगात तुलनेला तसा गट नव्हता.

भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या 2017 च्या मार्गदर्शक तत्त्वांतही विकराची हीच पायरी निर्णायक आहे. धुऊन, फिरवून भरलेली चरबी ही प्लास्टिक सर्जरी. विकराने सुट्या केलेल्या पेशी देणे परवानगी असलेल्या चाचणीतच बसते. अकोल्याच्या रुग्णाला कोणी ‘मूळपेशींचे पॅकेज’ सुचवले, तर विकर वापरणार का आणि चाचणीची नोंद कुठे आहे, हे दोन प्रश्न पैसे भरण्याआधीचे आहेत.