जकार्ता : चैत्र शुद्ध त्रयोदशीची एक नोंद

इंडोनेशियाला जाणार असे सांगितले की समोरचा माणूस ‘बाली ना?’ असे विचारतोच. बाली निसर्गरम्य आहे यात शंका नाही. परंतु त्या देशाची राजधानी जकार्ता ही बहुतेक भारतीय पर्यटकांच्या लेखी केवळ विमान बदलण्याची जागा ठरते. मुंबईहून जकार्ताला थेट विमानसेवा २०२३ मध्ये सुरू झाली, तरी त्या दृष्टीत फारसा फरक पडलेला नाही. गेल्या नोव्हेंबरात आम्ही उभयतांनी मात्र पाचही दिवस जकार्तालाच दिले. तेथील एका जुन्या बँकेच्या इमारतीविषयी आणि एका शिलालेखाविषयी मी बरेच वाचले होते. ती दोन्ही प्रत्यक्ष पाहावीत एवढाच हेतू होता.

आपल्या वाचकांच्या मनातला पहिला प्रश्न आहाराचा असेल, म्हणून तोच आधी घेतो. माझ्या पत्नीचा चौविहाराचा नियम अनेक वर्षांचा आहे आणि घरात कंदमूळ येत नाही. अशा माणसांनी इंडोनेशियात सर्वाधिक सावध राहावे ते ‘तेरासी’ या पदार्थापासून. ही आंबवून वाळवलेल्या कोळंबीची चटणी. पालेभाजीत, शेंगदाण्याच्या रश्शात, साध्या मिरचीच्या ठेच्यातही ती घातलेली असते आणि डोळ्यांना दिसत नाही. ‘हलाल’ शिक्क्यावरून पदार्थ शाकाहारी आहे की नाही, याचा काहीही बोध होत नाही. ‘तानपा’ म्हणजे ‘विना’, हा एक शब्द पाठ करावा आणि त्यापुढे नावे जोडावीत : तेरासी, तेलुर म्हणजे अंडे, केंतांग म्हणजे बटाटा, बावांग पुतिह म्हणजे लसूण. आपल्या मोठ्या कांद्याला तेथे काय म्हणतात? ‘बावांग बॉम्बे’! मुंबईच्या नावाने ओळखली जाणारी वस्तू मुंबईकडच्याच माणसाने नको म्हणावी, याची वाढप्यांना मोठी गंमत वाटे.

ग्लोदोक या चिनी वस्तीत एक वेगळा आधार सापडला. चिनी बौद्ध परंपरेतील शाकाहारात कांदा आणि लसूण दोन्ही वर्ज्य असतात, त्यामुळे अशा भोजनालयात अर्धे काम आपोआप होते. कंदमुळे आणि अळंबी (तेथे ‘जामूर’) मात्र ते वापरतात, म्हणून विचारणे सुटत नाही. सोयाबीनपासून हुबेहूब मांसासारखे दिसणारे पदार्थही तेथे असतात. ते पाहूनच आम्ही दूर सारले. सोयाबीनवर बुरशी वाढवून केलेल्या ‘टेम्पे’बद्दल अनेक शाकाहारी प्रवासी कौतुकाने लिहितात. मूळ घटक शाकाहारी असला तरी ज्याची कृतीच बुरशीवर उभी आहे तो पदार्थ आपल्या भक्ष्याभक्ष्य विवेकात बसत नाही, असे माझे मत आहे. साधा भात, सांगून परतून घेतलेल्या पालेभाज्या, पपई, मँगोस्टीन, रामबुतान आणि घरून नेलेले खाकरे यांवर पाच दिवस उत्तम निघाले.

सूर्यास्ताच्या बाबतीत मात्र हे शहर चौविहारासाठीच वसवले असावे असे वाटते. विषुववृत्ताच्या दक्षिणेस जेमतेम सहा अंशांवर असल्याने तेथे वर्षभर पावणेसहा ते सव्वासहाच्या दरम्यान सूर्य मावळतो. उन्हाळा-हिवाळ्यानुसार वेळापत्रक बदलावे लागत नाही. आम्ही होतो तेव्हा सकाळी साडेपाचच्या आतच उजाडत असे, त्यामुळे सव्वासहाला नवकारशी पाळून सातपूर्वी बाहेर पडता येई. घड्याळ भारतापेक्षा दीड तास पुढे असते, हे पहिल्या दिवशी ध्यानात ठेवावे.

आमच्या नियमाचे स्पष्टीकरण द्यायलाही तेथे एकच शब्द पुरला : ‘पुआसा’. उपवासाला इंडोनेशियन भाषेत हाच शब्द आहे आणि तो आपल्या ‘उपवास’ शब्दापासूनच आला आहे. रमजानचे रोजेही पुआसाच. ‘इबू पुआसा’, म्हणजे बाईंचा उपवास आहे, असे म्हणताच समोरचा आदराने मान लववीत असे. मात्र एका वयस्क वाढप्याला कोडे पडले. त्यांचा उपवास सूर्यास्ताला सुटतो आणि आमचा सूर्यास्तालाच सुरू होतो, हे ऐकून तो क्षणभर विचारात पडला. मग हसून म्हणाला की दोघांचेही घड्याळ सूर्यच आहे. त्यानंतर रोज पाच वाजता तो स्वतःहून आमचे ताट मांडू लागला.

आता शहराकडे वळू. १६१९ मध्ये डच ईस्ट इंडिया कंपनीने जयकर्ता हे गाव जिंकून तेथे बटाव्हिया वसवले. ‘कोता तुआ’ म्हणजे जुने शहर, हा त्याचा उरलेला भाग. फाताहिला चौकातील १७१० ची नगरपालिका इमारत, भोवतीची कौलारू घरे, भाड्याने मिळणाऱ्या रंगीबेरंगी सायकली हे सारे छायाचित्रांत असते तसेच आहे. माझे पाय मात्र बँक इंडोनेशियाच्या संग्रहालयात रेंगाळले. १८२८ मध्ये स्थापन झालेल्या ‘दि जावाशे बँके’ची ही वास्तू, १९५१ मध्ये बँकेचे राष्ट्रीयीकरण झाले आणि १९५३ मध्ये तिचे देशाच्या मध्यवर्ती बँकेत रूपांतर झाले. लोखंडी जाळीच्या खिडक्यांचे रोखपालांचे कक्ष, रंगीत काचांची तावदाने, जाड दारांच्या तिजोऱ्या हे सर्व जतन केले आहे. १९९७-९८ च्या आर्थिक संकटाची माहितीही कोणताही आडपडदा न ठेवता दिली आहे. एका डॉलरला सुमारे २,४०० रुपिया असा दर काही महिन्यांत पंधरा हजारांपलीकडे घसरला. १ नोव्हेंबर १९९७ रोजी एकाच वेळी १६ बँका बंद करण्यात आल्या, त्यामुळे उरलेल्या बँकांवरचाही ठेवीदारांचा विश्वास उडाला. ज्याने आयुष्यभर ठेवीदारांना ‘पैसे सुरक्षित आहेत’ असे सांगितले, त्याला हे वाचणे सोपे जात नाही. त्याच सुमारास, १९९८ मध्ये, काढलेल्या वीस हजार रुपियांच्या नोटेवर गणेशाची प्रतिमा होती.

मर्देका चौकातील १३२ मीटर उंचीचा राष्ट्रीय स्तंभ आणि त्यावरील सोन्याच्या पत्र्याने मढवलेली ज्योत सर्वच पर्यटक पाहतात. तेथून जवळ इस्तिकलाल मशीद आहे. आग्नेय आशियातील ही सर्वांत मोठी मशीद. तिचे वास्तुरचनाकार फ्रेडरिक सिलाबान ख्रिस्ती होते. समोरच कॅथेड्रल आहे आणि दोन्ही प्रार्थनास्थळे आता भुयारी मार्गाने जोडली आहेत. वीस मिनिटांत हे दोन्ही परिसर बाहेरून पाहून होतात.

ज्यासाठी आलो होतो तो शिलालेख चौकाच्या पश्चिमेस, राष्ट्रीय संग्रहालयात आहे. उत्तर जकार्तातील तुगू येथे सापडलेला हा अंडाकृती दगड १९११ मध्ये संग्रहालयात आणला गेला. त्यावर पल्लव लिपीत, संस्कृतात पाच ओळी कोरल्या आहेत. काळ इसवी सनाचे पाचवे शतक, राजा पूर्णवर्मा, राज्य तारुमानगर. मजकूर पाण्याविषयी आहे. पूर्वी एका राजाधिराजाने चंद्रभागा खणवून समुद्राकडे नेली होती. पूर्णवर्म्याने आपल्या कारकिर्दीच्या बाविसाव्या वर्षी गोमती नावाचा निर्मळ पाण्याचा प्रवाह खणवला आणि ब्राह्मणांना हजार गाई दक्षिणा दिली. जावा बेटावर चंद्रभागा! पंढरपूरच्या प्रदेशातून आलेल्या माणसाने हे नाव तेथे वाचावे, याचे आश्चर्य ओसरायला वेळ लागला.

पण त्याहून मोठे आश्चर्य तिथींचे. फाल्गुन वद्य अष्टमीला खोदकाम सुरू झाले, चैत्र शुद्ध त्रयोदशीला पूर्ण झाले आणि एकूण एकवीस दिवस लागले, अशी स्पष्ट नोंद आहे. बँकेतली सवय जात नाही. मी तिथेच बोटांवर हिशेब केला. अष्टमीपासून अमावास्येपर्यंत आठ तिथी आणि शुद्ध प्रतिपदेपासून त्रयोदशीपर्यंत तेरा; बेरीज बरोबर एकवीस. म्हणजे हे महिने आपल्या महाराष्ट्रात मोजतात तसे, अमावास्येला संपणारे आहेत. उत्तरेच्या पौर्णिमान्त गणनेने हा हिशेब जुळत नाही. लांबी दिली आहे ६,१२२ धनुष्ये. तीर्थंकरांच्या उंचीमुळे धनुष्य हे माप आपल्याला परिचित आहे. चार हातांचे एक धनुष्य धरले तर हे अंतर सुमारे अकरा किलोमीटर होते.

चैत्र शुद्ध त्रयोदशी म्हणजे भगवान महावीरांचे जन्मकल्याणक. पत्नीच्या हे लक्षात येताच तिने दगडासमोर हात जोडले. हा योगायोग आहे. लेख ब्राह्मणी परंपरेतील आहे आणि त्यावरून जैन धर्मप्रसाराचे अनुमान काढणे योग्य नव्हे. तरीही परदेशातल्या संग्रहालयात, पंधराशे वर्षांपूर्वीच्या दगडावर ही तिथी भेटली, याचे समाधान आम्ही मनापासून घेतले.

पूर्णवर्म्याला ज्या पाण्याची व्यवस्था लावावी लागली, ते पाणीच आज या शहराचा मुख्य प्रश्न आहे. नळाचे पाणी सर्वांपर्यंत पोहोचत नाही, म्हणून दशकानुदशके कूपनलिकांनी भूजल उपसले गेले, खालचे थर दबले आणि वरची जमीन खचली. उत्तर जकार्ताचे काही भाग काही दशकांत दोन मीटरहून अधिक खाली गेले आहेत. मुआरा बारू येथे समुद्र अडवण्यासाठी बांधलेली भिंत आम्ही पाहिली. अलीकडे रस्ता, पलीकडे समुद्र, आणि पाण्याची पातळी रस्त्याहून वर! भिंतीच्या पलीकडे एक सोडून दिलेली मशीद पाण्यात उभी आहे. आपल्याकडे पाण्यातही जीव मानतात, ते गाळून आणि मोजून वापरायला सांगतात. मानपाड्यात, घोडबंदर रस्त्यालगतच्या संकुलांतून टँकर आणि कूपनलिका आम्हाला नव्या नाहीत. त्या भिंतीपाशी उभे असताना आमच्या सोसायटीच्या वार्षिक सभेत दर वर्षी मांडला जाणारा आणखी एका कूपनलिकेचा प्रस्ताव आठवला. या वर्षी त्याविरुद्ध मत देण्याचे मी तिथेच ठरवले.

खचणारी जमीन, पूर आणि गर्दी या कारणांनी राजधानी बोर्निओ बेटावरील पूर्व कालिमांतान प्रांतात हलवण्याचा निर्णय २०१९ मध्ये जाहीर झाला. नव्या शहराचे नाव नुसांतारा. त्याची काही जमीन कुताई कार्तानगारा जिल्ह्यातील आहे. देशातील सर्वांत जुने संस्कृत लेख, म्हणजे राजा मूलवर्म्याचे यूपस्तंभ, त्याच कुताई भागात मिळाले आणि तेही तुगूच्या दगडाप्रमाणे जकार्ताच्या राष्ट्रीय संग्रहालयाकडे आहेत.

जाणाऱ्यांसाठी थोडे व्यवहाराचे. पोहोचल्यावर मिळणाऱ्या व्हिसाला पाच लाख रुपिया पडतात; आकड्याने दचकू नये, आपल्या एका रुपयाला दीडशेहून अधिक रुपिया मिळतात. संग्रहालये सोमवारी बंद असतात. मर्देका चौकाजवळच १८२० पासूनचा पासार बारू बाजार आहे. तेथे सिंधी व्यापाऱ्यांची कापडाची दुकाने आहेत आणि हिंदी सहज चालते. आम्हाला कांदा-लसणाविना वरण-भात करून देणारे भोजनालयही त्याच बाजारात, एका कापड दुकानदाराच्या सांगण्यावरून मिळाले. तेथे साडेचारला पोहोचावे. स्वयंपाक सांगितल्यावरच सुरू होतो.