हिवाळा, हवा आणि कुरळे केस

डिसेंबर उजाडला की मुळशी खोऱ्यातील घराघरांत खोबरेल तेलाची बाटली गोठते. खोबरेल सुमारे २४ अंश सेल्सिअसला वितळते, त्यामुळे खोलीचे तापमान त्याखाली उतरले की ते पांढरे, घट्ट होते. मग कोणी बाटली उन्हात ठेवतो, कोणी चुलीशेजारी. नेमक्या याच दिवसांत, ज्यांचे केस कुरळे आहेत अशा मुलामुलींची एक तक्रार सुरू होते : केस राठ झाले, गुंता सुटत नाही, फणी घातली की तुटतात. घरातून उत्तर मिळते, "तेल लाव, कोरडे पडलेत." उत्तर चुकीचे नाही. पण तेलात तर पाण्याचा थेंबही नसतो. मग तेलाने कोरडेपणा जातो तो कसा?

प्रथम हवेकडे पाहू. थंडीत पहाटे पौडपासून धरणापर्यंतच्या शिवारात गवतावर दहिवर पडलेले असते, जलाशयावर धुके असते. अशी ओली पहाट पाहून हवा कोरडी आहे यावर कोणाचा विश्वास बसेल? थोडे गणित करू. समजा, पहाटे तापमान १० अंश आहे आणि हवा बाष्पाने संपृक्त आहे. अशा एक घनमीटर हवेत सुमारे ९.४ ग्रॅम बाष्प असते. दुपारी पारा ३० अंशांवर जातो. या तापमानाला एक घनमीटर हवा सुमारे ३०.४ ग्रॅम बाष्प सामावू शकते. पण तिच्याजवळ असते पहाटेचेच, जवळजवळ तेवढेच बाष्प. म्हणजे पहाटे जिची सापेक्ष आर्द्रता १०० टक्के होती, त्याच हवेची आर्द्रता दुपारी ३१ टक्क्यांवर येते! ही तहानलेली हवा मिळेल तेथून पाणी ओढून घेते : दोरीवरच्या कपड्यांतून, ओठांतून आणि केसांतूनही.

केस हे केराटिन नावाच्या प्रथिनाचे बनलेले असतात आणि हे प्रथिन पाण्याचे मोठे लोभी आहे. संपृक्त हवेत केस आपल्या वजनाच्या सुमारे ३० टक्के पाणी शोषतो. ३० टक्के आर्द्रतेच्या हवेत त्यात दहा टक्क्यांहूनही कमी पाणी उरते. पाणी शिरले की केस फुगतो आणि किंचित लांबतोही. अगदी कोरड्या अवस्थेपासून पूर्ण ओल्या अवस्थेपर्यंत ही वाढ सुमारे दोन ते अडीच टक्के भरते. जिनीव्हाचे शास्त्रज्ञ होरेस बेनेडिक्ट द सॉस्यूर यांनी याच गुणाचा उपयोग करून माणसाच्या केसाचा आर्द्रतामापक तयार केला व १७८३ साली आर्द्रतेवरील आपला ग्रंथ प्रसिद्ध केला. पुढे वेधशाळांमधून केसावर चालणारे आर्द्रतालेखक वर्षानुवर्षे फिरत राहिले. तात्पर्य, आपल्या डोक्यावर हजारो आर्द्रतामापक आहेत!

मग कुरळ्या केसांनाच हिवाळा जास्त का जाचतो? सरळ केसाचा छेद बहुधा वर्तुळाकार असतो, कुरळ्या केसाचा लंबवर्तुळाकार. शिवाय ज्या केशकूपातून तो उगवतो तो कूपच वाकडा असतो. टाळूतील तैलग्रंथी केसाच्या मुळाशी स्निग्ध द्रव्य सोडतात. सरळ केसावरून ते फणीबरोबर टोकाकडे सहज पसरते. कुरळ्या केसाला मात्र घाटातील रस्त्यासारखी वळणे. तेल वरच्या वळणांतच राहते, टोके कोरडी. केसावर कौलांसारखे एकावर एक बसलेले सूक्ष्म खवले असतात. प्रत्येक वळणावर खवल्यांवर ताण पडतो आणि शेजारच्या केसाशी घासून ते झिजतात.

आणखी एक गोष्ट ध्यानात घ्यावी. टाळूबाहेर आलेला केस निर्जीव असतो. झाडाची साल खरचटली तर भरून येते, केस भरून येत नाही. तो महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतो. म्हणजे वीस सेंटिमीटर वेणीच्या टोकाने किमान एक हिवाळा, एक उन्हाळा आणि ताम्हिणीकडून येणारा एक पावसाळा सोसलेला असतो.

आता तेलाकडे वळू. केसात किती पाणी राहणार हे अखेरीस हवाच ठरवते; तेल ते बाहेरून आणून देत नाही. पण तेलाचा पातळ थर पाण्याचा निचरा मंदावतो आणि खवल्यांचे घर्षण कमी करतो. खोबरेलाचा एक गुण याहून वेगळा आहे. मुंबईच्या मॅरिको कंपनीतील रेळे व मोहिले या संशोधकांनी २००३ साली खोबरेल, सूर्यफुलाचे तेल आणि खनिज तेल यांची तुलना प्रसिद्ध केली. तिघांपैकी केसातून होणारी प्रथिनांची झीज लक्षणीय कमी केली ती एकट्या खोबरेलाने. त्यातील लॉरिक आम्लाचे रेणू सरळ व आखूड साखळीचे असल्याने ते केसाच्या आत शिरतात आणि धुताना केस अतिशय फुगू देत नाहीत. (ही कंपनी खोबरेल विकते, हेही वाचकाने लक्षात ठेवावे. त्यामुळे निष्कर्ष खोटा ठरत नाही, पण संशोधनाला पैसा कोणाचा, हा प्रश्न विचारण्याची सवय चांगली.) तेव्हा तेल न्हाण्यानंतर लावण्यापेक्षा न्हाण्याआधी लावण्यात अधिक अर्थ आहे. दिवाळीच्या अभ्यंगस्नानातला क्रम हाच आहे, आणि तो येतोही थंडीच्या तोंडावर. गोठलेले तेल कढवण्याची मात्र गरज नाही. तळहातावर चोळले की विरघळते.

बंबातले कढत पाणी आणि कपड्याचा साबण ही जोडी कुरळ्या केसांची वैरीण समजावी. साबण अल्कधर्मी असल्याने खवले उचलले जातात, कढत पाण्याने उरलेसुरले तेल निघून जाते. कोमट पाणी आणि शिकेकाई त्यापेक्षा सौम्य. सह्याद्रीच्या जंगलात वाढणाऱ्या या काटेरी वेलीच्या शेंगांत फेस आणणारे सॅपोनिन असते आणि तिचे पाणी किंचित आम्लधर्मी असते.

फणी कधी फिरवावी? सरळ केस ओले असताना विंचरू नयेत हे खरे, कारण ओला केस ताणला जाऊन तुटतो. कुरळ्यांचा हिशेब वेगळा. पाण्याने केसातील हायड्रोजन बंध सैल होऊन वळणे उलगडतात, म्हणून ओलसर व तेलकट असताना, रुंद दातांच्या फणीने, टोकाकडून मुळाकडे सरकत गुंता काढणे सोपे जाते. कोरड्या कुरळ्या केसांवर बारीक फणी ओढणे म्हणजे ते मुद्दाम तोडणे. "नीट विंचरून ये" असे वर्गात सुनावण्यापूर्वी शिक्षकांनीही याचा विचार करावा.

प्रयोग करून पाहायचा असेल तर वीस सेंटिमीटरचा एक केस साबणाने धुऊन वाळवा. त्याचे वरचे टोक उभ्या पुठ्ठ्याला चिकटवा. हिराच्या काडीचे एक टोक टाचणीने पुठ्ठ्यावर सैल टोचा आणि टाचणीपासून एक सेंटिमीटरवर केसाचे खालचे टोक काडीला चिकटवा. काडीची एकूण लांबी १२ सेंटिमीटर ठेवली तर केसाची एक मिलिमीटर वाढ काडीच्या टोकाशी १२ मिलिमीटर दिसेल. पहाटे, दुपारी व रात्री खुणा करा. दुपारी काडी वर चढेल, पहाटे खाली येईल. आठवडाभराने त्याच केसाला खोबरेलाचे बोट लावून खुणा पुन्हा घ्या. काडी पूर्वीच्याच खुणांपर्यंत जाते का, आणि जात असेल तर तेवढ्याच वेळात की उशिरा?