परक्या देशातली दोन वर्षं

मुलांनो, तुमच्यापैकी किती जण स्वतःचे कपडे स्वतः धुतात? माझ्या वर्गात हा प्रश्न विचारला, तेव्हा मोजून चार-पाच हात वर आले. त्यातलाही एक हात शेजारच्याकडे बघून हळूच खाली गेला!

आज मी तुम्हाला अशा मुलांची ओळख करून देणार आहे, जी अठराव्या वर्षी घर सोडतात आणि दोन वर्षांनीच परत येतात. ही मुलं शिकायला जात नाहीत की नोकरीला. ती जातात आपल्या धर्माचा प्रचार करायला.

अमेरिकेत १८३० साली जोसेफ स्मिथ यांनी एक ख्रिस्ती पंथ स्थापन केला. त्याच्या अनुयायांना जग ‘मॉर्मन’ म्हणून ओळखतं. युटा राज्यातल्या सॉल्ट लेक सिटी इथं त्यांचं मुख्य केंद्र आहे. या पंथातल्या तरुणांनी दोन वर्षं मिशनरी म्हणून काम करावं, अशी अपेक्षा असते. मुलीही जातात, पण दीड वर्षासाठी. मुलांसाठी पूर्वी १९ वर्षांची अट होती, ती २०१२ मध्ये १८ वर आली. कुणी कुठला धर्म मानावा, हा ज्याचा त्याचा प्रश्न. आपण बघू या, त्या मुलाचे दिवस कसे जातात ते.

अर्ज केला, डॉक्टरांनी तपासलं, अगदी दातसुद्धा बघितले, की वाट बघायची ती नेमणुकीची. कुठं जायचं, हे मुलाला निवडता येत नाही. शेजारचं गाव मिळेल, नाहीतर जपान! पगार एक पैसाही नाही. उलट खर्च घरच्यांनी आणि त्या मुलानं साठवलेल्या पैशांतून करायचा. अमेरिकेतल्या मुलांसाठी २०२० मध्ये ही रक्कम महिना ४०० वरून ५०० डॉलर झाली.

समजा, आपल्या या मुलाला जपान मिळालं. आधी काही आठवडे प्रशिक्षण आणि भाषेचे धडे. जपानीत तीन लिप्या एकत्र वापरतात, त्यामुळे बिचारा रडकुंडीला येतो. गंमत म्हणजे, जपानी वाक्यात क्रियापद आपल्या मराठीसारखं शेवटी येतं. ‘मी भात खातो’ हा शब्दांचा क्रम तुम्हाला सोपा, पण इंग्रजी बोलणाऱ्याला मात्र सगळं उलटंपालटं वाटतं!

जपानात पोचल्यावर सकाळी साधारण साडेसहाला उठायचं. व्यायाम, न्याहारी, धर्मग्रंथाचा आणि भाषेचा अभ्यास. मग पांढरा सदरा, छातीवर नावाची काळी पट्टी, आणि बहुतेक वेळा सायकलवर टांग. रात्री नऊच्या सुमाराला परत. चहा-कॉफी या पंथात वर्ज्य. जपानी घरात पाहुण्याला हिरवा चहा देतात, तो नम्रपणे नाकारायचा. नशिबानं तिथं भाजलेल्या जवाचं ‘मुगिचा’ नावाचं पेय मिळतं, ते चालतं! आठवड्यातला एक दिवस कपडे धुणं, बाजारहाट आणि घरच्या पत्रांसाठी. काही ठिकाणी ही मुलं फुकट इंग्रजीचे वर्गही घेतात.

आणि एकट्यानं कुठंही जायचं नाही. कायम एक जोडीदार बरोबर. तो कोण, हेही वरूनच ठरतं. तो घोरतो का, चिडका आहे का, काही विचारायची सोय नाही! जुळवून घ्यायचं. दर सहा आठवड्यांनी बदलीची खबर येते. मग कदाचित नवं गाव, नवा जोडीदार.

सगळ्यांत अवघड काय असेल? नकार. दिवसभर लोकांशी बोलायचं आणि बहुतेक जण ‘नको’ म्हणणार. तो त्यांचा हक्कच आहे. पण अठरा वर्षांच्या मुलाला ते लागतंच हो! घरची आठवण येते. पूर्वी घरी फोन वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मातृदिनाला. फेब्रुवारी २०१९ पासून आठवड्यातून एकदा बोलायची मुभा मिळाली. काही मुलं आजारपणामुळे किंवा मन लागत नाही म्हणून मुदतीआधी परततात. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही.

जो टिकतो, त्याच्यावर हळूहळू भार वाढत जातो. पहिले बारा आठवडे तो शिकाऊ. अनुभवी जोडीदार बोलतो, हा ऐकतो. मग एक दिवस यालाच म्हणतात, ‘आता जोडीची जबाबदारी तुझी.’ पुढं एखादा नवा, घाबरलेला मुलगा याच्या हाती सोपवतात. त्याचं रडणं बघून याला आपले पहिले दिवस आठवतात. आणखी पुढं काही जणांना अशा दोन-चार जोड्यांची, मग मोठ्या भागाची काळजी घ्यावी लागते. आपल्या मॉनिटरसारखंच, फक्त खडू-डस्टरऐवजी इथं माणसं सांभाळायची असतात.

याचं एक जुनं, खरं उदाहरण सांगते. १२ ऑगस्ट १९०१ रोजी चार अमेरिकन जपानच्या योकोहामा बंदरात उतरले. हे त्या देशात आलेले पहिले मॉर्मन मिशनरी. त्यांतला सगळ्यांत धाकटा ॲल्मा टेलर. नुकतंच एकोणिसावं पूर्ण झालेलं, जपानीचा गंध नाही! त्यानं चिकाटीनं भाषा शिकली. पहिले प्रमुख हीबर ग्रँट १९०३ मध्ये मायदेशी परतले आणि १९०५ मध्ये ती धुरा तरुण टेलरवर आली. त्यानं आपल्या पंथाचा ग्रंथ जपानीत आणला. मसुदा जपानी जाणकारांकडून तपासून घेतला आणि १९०९ मध्ये पुस्तक छापून झालं. १९१० मध्ये तो घरी निघाला, तेव्हा साडेआठ वर्षं झाली होती. त्या काळात फारच थोडे जपानी लोक या पंथात आले. १९२४ मध्ये तिथलं काम बंदच करावं लागलं, ते पुन्हा सुरू झालं १९४८ मध्ये. म्हणजे मनासारखं फळ मिळालं नाही, तरी टेलरनं हातातलं काम अर्धवट टाकलं नाही.

आजच्या मुलाची दोन वर्षं संपली की तो घरी येतो. छातीवरची पट्टी काढून ठेवतो. काल इतकी माणसं सांभाळणारा आज पुन्हा साधा विद्यार्थी. मोठेपण घेणं जसं शिकावं लागतं, तसं ते खाली ठेवणंही शिकावं लागतं, बरं का!

पालकांनो, मुलांना इतक्या दूर पाठवा, असं मी म्हणत नाही. पण जबाबदारी अठराव्या वर्षी एकदम येत नाही, ती थोडी थोडी द्यावी लागते. आणि मुलांनो, येत्या रविवारी निदान आपला शाळेचा गणवेश तरी आपण धुवा. सोमवारी मी वर्गात पुन्हा हात वर करायला सांगणार आहे!