परंड्याच्या पिनकोडातलं गणित

परंड्याचं पत्र असलं की पत्त्याखाली ४१३५०२ येतोच. देशात पिनकोड १५ ऑगस्ट १९७२ रोजी सुरू झाले आणि ती पद्धत आखली श्रीराम भिकाजी वेलणकर या मराठी माणसाने. हा आकडा टपालाच्या सोयीसाठी पडला, गणितासाठी नव्हे. तरी नीट बघा: ०, १, २, ३, ४, ५ हे सहाही अंक त्यात प्रत्येकी एकदाच आले आहेत.

अंकांची जागा बदलली की संख्येचे सगळे गुण बदलतात, असं अनेकांना वाटतं. काही गुण मात्र हलत नाहीत. या सहा अंकांची बेरीज १५, म्हणून ते कसेही मांडा, संख्येला ३ ने भाग जाणारच. शून्य पुढे न ठेवता त्यांच्या ६०० सहा अंकी संख्या होतात. त्यांतली एकही मूळ संख्या नाही.

दुसरा गैरसमज शाळेपासून चालत येतो: संख्या मूळ आहे का हे पाहायला तिच्या निम्म्यापर्यंत भागत जावं लागतं. ४१३५०२ म्हणजे २ × ३ × ६८९१७. आता ६८९१७ चं काय? निम्मं म्हणजे चौतीस हजारांच्या वर! पण तिचे दोन अवयव पडले, तर त्यांतला एक वर्गमूळाच्या आत असायलाच हवा. २६२ चा वर्ग ६८६४४, २६३ चा ६९१६९. म्हणजे २५७ पर्यंतच्या ५५ मूळ संख्यांनी भागून पाहिलं की पुरे. मी वहीत सगळे भागाकार केले. १७९ ने भागताना ३८५ चा भाग लागला, बाकी उरली फक्त २. वाटलं, आता सापडली. नाही सापडली. ६८९१७ मूळच आहे.

सगळ्यात पसरलेला गैरसमज देवळालीचे शिक्षक द. रा. कापरेकर यांच्या ६१७४ बद्दल आहे. अंक उतरत्या आणि चढत्या क्रमाने मांडून वजाबाकी करत राहा, कुठल्याही संख्येवरून ६१७४ येते, असं सर्रास सांगतात. हे खरं आहे ते चार अंकी संख्यांपुरतं, तेही चारही अंक सारखे नसतील तर. मग जास्तीत जास्त सात पायऱ्या लागतात. तीन अंकांना ४९५ मिळते. सहा अंकांत ५४९९४५ आणि ६३१७६४ या दोन संख्या तशाच राहतात, पण सगळ्या वाटा तिथे जात नाहीत. परंड्याचाच आकडा घ्या. ५४३२१० मधून ०१२३४५ वजा: ५३०८६५. पुढे ८२९९६२, ७७१७२३, ६५३५४४, ३१०८८७, ८७३५२२, ६५१७४४, ६२०८७४, आणि नवव्या पायरीला ८५१७४२. तिथून ७५०८४३, ८४०८५२, ८६०८३२, ८६२६३२, ६४२६५४, ४२०८७६ आणि परत ८५१७४२. सात संख्यांचा हा फेरा कधी सुटत नाही.

कितीही फिरलं तरी ४१३५०२ मात्र पुन्हा येणार नाही. अशा प्रत्येक वजाबाकीला ९ ने निःशेष भाग जातो. ४१३५०२ ला भागलं तर ६ उरतात.